खाटेवर, की खाली?

चोपड्याहून सातपुड्याकडे निघालं की केळीच्या बागा मागं पडतात आणि कपाशी सुरू होते. तिथल्या एका गावात लहान पोरांना डॉक्टरांचा एक प्रश्न तोंडपाठ आहे. ताप असो, खोकला असो, नाहीतर पडून गुडघा फुटलेला असो, पितांबर डॉक्टर आधी अंगठ्यानं पोराच्या पापण्या वर करून बघतात आणि विचारतात, "रात्री कुठं झोपला होतास? खाटेवर, की खाली?"

आता गुडघा फुटण्याचा आणि झोपण्याचा काय संबंध? पण विचारतात. पोरंही बेरकी, दवाखान्याची पायरी चढतानाच सांगून टाकतात, "खाटेवर, डॉक्टर, खाटेवर." मोठी माणसं तोंडाला पदर किंवा रुमाल लावून हसतात. वय झालं, थोडा घसरलाय म्हातारा, असं एकमेकांना खुणावतात. हसू देत बापडे. त्यांना ठाऊक नाही, आणि ज्या दोन माणसांना ठाऊक आहे ती कधी हसली नाहीत.

पितांबर डॉक्टर म्हणजे काही फार मोठे डॉक्टर नव्हेत. धुळ्याला आयुर्वेदाची पदवी घेतली आणि तिशीच्या आतच या गावात पत्र्याच्या दोन खोल्यांत दवाखाना टाकला. एक बाकडं, एक टेबल, पोरांना तोलायचा काटा, भिंतीवर औषधकंपनीचं जुनं कॅलेंडर. बायको लवकर गेली, पोरबाळ नाही. गावातली निम्मी पोरं त्यांच्या काट्यावर वाढली म्हणायची.

त्यांच्या हाताला गुण होता, तोंडाला नव्हता. पेशंटला काय हवं असतं? आजाराचं नाव. मलेरिया म्हणा, टायफॉईड म्हणा, काहीतरी एक ठोकून द्या, म्हणजे घरी जाऊन चार लोकांना सांगता येतं. आमचे डॉक्टर नाडी बघायचे, पोट दाबायचे, जीभ बघायचे, परत पोट दाबायचे आणि म्हणायचे, "पाहू." ताप कसला आहे? "आज सांगता येत नाही. दोन दिवस पाहू." तसे ते खरं बोलत होते. पण खरं बोलणाऱ्या डॉक्टरची पंचाईत अशी की त्याला काही येत नाही असंच लोकांना वाटतं. गावानं त्यांचं नावच पाडलं, पाहू डॉक्टर.

शेजारी हारुनभाईंचं औषधाचं दुकान. दोघांचा रोजचा चहा एकत्र. हारुनभाई कपात बिस्किट बुडवता बुडवता म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, तुमच्या जागी मी असतो ना, तर निम्मं गाव नुसतं ठासून बोलून बरं केलं असतं." डॉक्टर हसायचे. पण मनाला लागायचं. का नाही लागणार?

सहा वर्षांपूर्वीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर फारच लागलं. गिरधर पाटलांच्या नातवाचं डोकं दुखत होतं, मान जरा कडक वाटली. डॉक्टरांच्या मनात मेंदूज्वराची शंका आली आणि त्यांनी पोराला तडक जळगावला पाठवलं. मोठ्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, सगळ्या तपासण्या केल्या, निघालं काहीच नाही. उन्हात खेळून डोकं चढलं होतं. सणासुदीला घर रिकामं पडलं, लेकीबाळी आलेल्या तशाच परत गेल्या. गिरधर पाटील भर पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "सर्दी कोणती आणि मरण कोणतं, एवढंही या माणसाला कळत नाही. डॉक्टर म्हणायचं कसं?"

डॉक्टर खाली मान घालून घरी आले. त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. आपणही आता जरा डॉक्टरासारखं बोलावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ठरवून ठरवून माणसानं काय ठरवावं, तर हे.

पुढे श्रावण आला. नागपंचमी झाली आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे कानबाईचा, खानदेशातल्या घरोघरच्या देवीचा. झुंबरबाईच्या घरी सगळ्या भाऊबंदकीची कानबाई बसायची. सुरतेला गेलेले, नाशिकला गेलेले, धुळ्याचे, बठ्ठे, म्हणजे सगळेच, त्या दोन दिवसांसाठी घरी यायचे. माणसागणिक सव्वा मापानं गहू काढायचे, घरच्या जात्यावर दळायचे, त्याच पिठाच्या पुरणाच्या पोळ्या. हे कानबाईचं रोट. ते भाऊबंदांनीच खायचं, परक्याला त्यातला कणसुद्धा द्यायचा नाही, आणि ताटात घेतलेलं टाकायचं नाही. पितांबर डॉक्टर दरसाल दर्शनाला जायचे. त्यांना चहा मिळायचा, खोबरं मिळायचं. ते मुद्दाम चिडवायचे, "झुंबरबाई, तुमची माय मला उपाशीच ठेवते बुवा."

झुंबरबाई पदर सावरत म्हणायची, "भाऊ, मांगशात ते देसू. पन रोट नही."

झुंबरबाईची नात भूमिका. हितेंद्रची, तिच्या थोरल्या मुलाची लेक. सात वर्षांची, दुसरीत. शाळा सुटली की दप्तरासकट दवाखान्यात. काट्यावर बसायचं, स्वतःचं वजन स्वतःच वाचायचं, इंजेक्शनचे रिकामे खोके गोळा करायचे. घरी जाऊन शेजारच्या पोरींना ओळीनं बसवायची, त्यांची पोटं दाबायची आणि मान हलवून म्हणायची, "पाहू. आज सांगता येत नाही." हे डॉक्टरांच्या कानावर आलं तेव्हा ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या गावात त्यांची नक्कल करणारी ती एकटीच अशी होती, जिचा त्यांना राग येत नव्हता. उलट बरं वाटायचं.

त्या रविवारी संध्याकाळी डॉक्टर दर्शनाला गेले तर भूमिकेनं दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत मेंदी. "सुरतच्या काकूनं काढली," म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "रंग चढेल का?" ती म्हणाली, "पाहू." आणि पळाली.

सोमवारी सकाळी सात वाजता झुंबरबाई तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आली. मागं सुरतेच्या, नाशिकच्या चारपाच बायका. दहा वाजता कानबाईची मिरवणूक निघायची होती, त्यामुळे सगळ्यांना घाई.

"डाक्टरभाऊ, पोटमा दुखस तिना. दोनदाव वकनी," झुंबरबाई म्हणाली. "काल तीन पोळ्या खाद्यात तिनी. मी नको म्हनत व्हतू."

डॉक्टरांनी पोरीला टेबलावर निजवलं आणि पोट दाबलं. पोट मऊ. एवढं दुखतंय म्हणते तर पोट असं मऊ कसं? त्यांनी परत दाबलं. ताप नाही, जीभ स्वच्छ.

"जुलाब?"

"नही."

"रात्री काही चावलं-बिवलं का गं?"

भूमिकेनं मान हलवली, नाही म्हणून. तिच्या पापण्या खाली येत होत्या. ती त्या उचलायची, त्या परत यायच्या.

"झोप आलीय का?"

"झोप येवाव नही का?" एक बाई मागून म्हणाली. "रातभर फुगड्या खेळनी. पहाटले कोठे पाठ टेकी."

"गळ्यात दुखतं," भूमिका म्हणाली. आवाज नाकातून आल्यासारखा. झुंबरबाईनं तिला पाणी पाजलं, तर थोडं नाकातून बाहेर आलं.

"गाणा म्हनी म्हनी गळा बसना तिना," दुसरी म्हणाली.

प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. पोट दुखतंय, पोळ्या खाल्ल्या. डोळे मिटताहेत, जागरण झालं. आवाज बसलाय, गाणी म्हटली. सगळं जिथल्या तिथं बसत होतं आणि तरी डॉक्टरांच्या आत काहीतरी बसत नव्हतं. जिभेवर तो शब्द आला होता. पाहू. थोडा वेळ इथंच ठेवू, पाहू. वाटलं तर चोपड्याला नेऊ. अकरा किलोमीटर तर आहे.

पण बायका दाराशी खोळंबलेल्या. मिरवणुकीच्या दिवशी झुंबरबाईची नात दवाखान्यात अडकवायची? आणि संध्याकाळी परत काही नाही निघालं तर? पारावर गिरधर पाटील होतेच. डॉक्टरांनी चष्मा नीट केला आणि आयुष्यात पहिल्यांदा ठासून बोलले.

"काही नाही. अजीर्ण आहे. रोट बाधलं."

सगळ्यांना कसं हायसं वाटलं. एक बाई तर म्हणाली, "आते कसं डाक्टर बोलनात." त्यांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, पुड्या दिल्या आणि वर सांगितलं, "घरी नेऊन झोपू द्या तिला. उठवू नका. उठली की खडखडीत बरी."

भूमिका टेबलावरून उतरली, तशी तिची मान जरा लुळी पडली. दारात वळून तिनं त्यांच्याकडे पाहिलं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. डॉक्टरांना ते पाहणं अजून दिसतं.

ती गेल्यावर त्यांनी दोन पेशंट तपासले, पण डोक्यात तेच. पोट मऊ का? पाणी नाकातून का? घर दोनशे पावलांवर होतं. दोनदा ते दारापर्यंत गेले, चपला पायांत घातल्या. मग वाटलं, आत्ताच ठाम सांगून आता लगेच बघायला गेलो तर लोक म्हणतील, हा बघा, आला पाहू डॉक्टर. त्यांनी चपला काढल्या. बाहेरून डफ वाजत मिरवणूक गेली. बायका डोक्यावर चौरंग घेऊन फुगड्या खेळत होत्या. झुंबरबाई पुढे होती. नात घरी शांत झोपलीय म्हणून निश्चिंत. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, उठवू नका.

साडेदहाला हितेंद्र धावत आला. हातावर पोर.

तिला डोळे उघडता येत नव्हते. तोंडातून लाळ गळत होती. श्वास वरच्यावर, छातीच्या वरच्या बोटभर जागेत. हितेंद्रची केळी वाहायची पिकअप दारातच होती. डॉक्टर पोरीला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले, तिचं नाक धरलं आणि तोंडानं श्वास भरायला लागले. हितेंद्र गाडी हाकत होता आणि रडत होता. वाटेत तीन गावांच्या कानबाया आडव्या आल्या. हॉर्नवर हॉर्न, पण डफापुढे कुणाला ऐकू येणार? माणसांना कळायचं, ती बाजूला व्हायची, पण तोवर दोन मिनिटं जायची.

"भूमिका, मी आहे. ऐकतेस का?" डॉक्टर म्हणाले.

तिचं बोट त्यांच्या तळव्यावर किंचित दाबलं गेलं. ती ऐकत होती. डोळे मिटलेले, अंग लुळं, आणि आत सगळी जागी. डॉक्टरांनी तो हात उचलून पाहिला. करंगळीच्या खाली, मेंदीच्या वेलात, दोन बारीक ठिपके. मोहरीएवढे. सूज नाही, लाली नाही. मेंदीच्याच नक्षीत मिसळून गेलेले.

मण्यार. रात्री येते, जमिनीवर निजलेल्याला चावते. दुखत नाही, माणूस उठतही नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या पडतात, गिळता येत नाही आणि मग श्वास थांबतो. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजात त्यांनी हे वाचलं होतं. या बाजूला घोणस चावून सुजलेले पाय त्यांनी ढिगानं पाहिले होते, नाग पाहिले होते. हे कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे आज सकाळी सात वाजता पाहिलं होतं, आणि ओळखलं नव्हतं.

चोपड्याच्या फाट्याच्या अलीकडे बोट दाबायचं थांबलं. डॉक्टर आणखी बराच वेळ श्वास भरत राहिले. नाडी लागेनाशी झाली तेव्हा म्हणाले, "हितेंद्र, थांबव."

गाडी थांबली. हितेंद्रनं विचारलं, "काय झालं होतं तिला, डॉक्टर?"

डॉक्टरांनी मेंदीचा हात झाकून घेतला. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

उभ्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी हजारदा खरेपणानं म्हटलं असेल. त्या दिवशी ते पहिल्यांदा खोटं होतं. आणि हितेंद्रनं ते खरं मानलं, कारण पाहू डॉक्टर ते.

मृत्यूच्या दाखल्यावर त्यांनी उलट्या-जुलाब लिहिले. दुपारीच हितेंद्रला सांगितलं, घरात रोगाचे जंतू असतील, सगळं सामान बाहेर काढा, पाहुण्यांना दुसरीकडे हलवा. लोकांनी काढलं. धान्याच्या कोठीमागं एक बीळ निघालं. घुशीचं असेल म्हणून दगड-मातीनं बुजवून टाकलं. डॉक्टर ते बुजेपर्यंत अंगणात उभे होते. त्या आठवड्यापासून दवाखान्यात तो प्रश्न सुरू झाला. खाटेवर, की खाली?

मध्ये सहा वर्षं गेली. तेवढ्यात डॉक्टरांनी दोन पोरांना याच प्रश्नावरून ओळखून वेळेत चोपड्याला पोचवलं, दोघंही आज शाळेत जातात. लोकांनी नवल केलं, पण त्या प्रश्नाशी कुणी ते जोडलं नाही. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचा हिशेब त्या दोघांनी मिटणारा नव्हता.

झुंबरबाईनं मात्र त्या सालापासून कानबाई बसवली नाही. भाऊबंदकीत कुरबूर झाली, कुणी धुळ्याला बसवून पाहिली, जमेना. मग या वर्षी हितेंद्र दवाखान्यात आला. भूमिकेच्या मागं त्याला दुसरी लेक झाली होती, मोनाली, चार वर्षांची.

"डॉक्टर, आईला तुम्ही सांगून बघा," तो म्हणाला. "ती म्हणते, माझ्यामुळे गेली पोर. रोज म्हणते. खाणं तुटलंय तिचं. तुमचं ऐकेल."

डॉक्टर त्या दिवशी दवाखाना लवकर बंद करून निघाले. सहा वर्षं गिळून धरलेलं आज सांगून टाकायचं, हे पक्कं होतं. झुंबरबाईचा काही दोष नाही, कानबाईचा नाही, रोटाचा नाही, दोष माझा, मी ओळखलं नाही, शिवाय झोपू द्या म्हणून सांगितलं. मग ती शिव्या देवो, गावभर सांगो, पोलिसांत जावो. सांगायचंच. वाटेवर त्यांना कितीतरी वर्षांनी हलकं वाटत होतं.

झुंबरबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. फार वाळली होती. डॉक्टर समोर बसले. पण ते तोंड उघडायच्या आतच ती बोलायला लागली.

"हितेंद्रनी धाडं ना तुमले? मी नही बसाडाव. तुम्हीच सांगं व्हतं ना भाऊ, रोट बाधनं म्हनीसन. तुम्हनं खरं व्हतं. निवद दाखाडाना आगोदर तिनी पुरणनं बोट चाटं. मी दखं. मी काईच बोलनू नही, लाडमा. मायले राग उना."

"झुंबरबाई, तसं नाही..."

"आयका तं. नि त्या राते तिले धड जागाबी दिधी नही मी. खाटवर जपेल व्हती ती. सुरतवालीनं तान्हं पोर रडत व्हतं, म्हनून मी तिले उठाडं, नि खाले गोधडीवर टाकं. कोठीजोडे. तठे पोटले गारठा लागना व्हई का, भाऊ? खाटवर ऱ्हाती तं वाचती का ती?"

सहा वर्षांत ही गोष्ट डॉक्टरांना कुणी सांगितली नव्हती. त्यांनी म्हातारीच्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी पोरीला खाटेवरून उचलून त्या बिळाशेजारी ठेवलं होतं, पाहुण्याच्या तान्ह्याला जागा व्हावी म्हणून. आता खरं सांगितलं तर आपण मोकळे होऊ, आणि ही बाई उरलेलं सगळं आयुष्य रोज रात्री पोरीला खाटेवरून खाली उतरवत राहील. पुरणाच्या बोटाचं ओझं उतरवायला आलो आणि त्याच्या दसपट तिच्या डोक्यावर ठेवून जायचं?

त्यांना एकदम रडू आलं. ते त्यांनी खोकल्यावर नेलं.

"रोटाचं माझं चुकलं होतं, झुंबरबाई," ते म्हणाले. "मी नंतर खूप वाचलं, मोठ्या डॉक्टरांना विचारलं. तिच्या मेंदूत जन्मापासून एक नस अधू होती. ती फुटली. कुणाच्या हातात नव्हतं. पुरण चाटलं नसतं तरी, खाटेवर असती तरी, ती गेलीच असती."

झुंबरबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "पक्कं?"

"पक्कं."

"तुम्ही तं 'पाहू' म्हनतस कायम."

"या वेळी नाही. या वेळी मला नक्की ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. पारावरच्या गिरधर पाटलांनी ऐकायला हवं होतं.

ते उठले तेव्हा झुंबरबाई तोंडावर पदर घेऊन रडत होती. हमसून, मोकळं. डॉक्टर घरी आले आणि दार लावून बसले. जे सांगायला गेले होते ते आता कधीच, कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्यांना फार एकटं वाटलं.

नागपंचमी झाली. रविवारी झुंबरबाईच्या घरी कानबाई बसली. संध्याकाळी हितेंद्र स्वतः बोलवायला आला, आईनं सांगितलंय, डॉक्टरांना घेऊनच ये. डॉक्टर गेले. दर्शन घेतलं. खोबऱ्यासाठी हात पुढे केला, तर झुंबरबाई म्हणाली, "आतमा या, भाऊ."

माजघरात पाय टाकला आणि डॉक्टर उंबऱ्यातच थांबले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खाटाच खाटा. लोखंडी, लाकडी, काथ्याच्या, नायलॉनच्या पट्ट्यांच्या. अर्ध्या गावातून मागून आणलेल्या. भिंतीपासून हातभर दूर सरकवलेल्या, प्रत्येकीवर मच्छरदाणी, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या. कोठीजवळचा कोपरा रिकामा, झाडून सारवून लख्ख. मोनाली एका खाटेवर उड्या मारत होती.

"बठ्ठा पोरं खाटवर," झुंबरबाई म्हणाली. "एकबी खाले नही."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याचकडे पाहत होती.

"तुम्ही पोरेसले काय इचारतस, ते माले ठाऊक शे, डाक्टरभाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "पन ध्यानमा उनं नव्हतं. त्या रोज तुम्ही 'खाटवर ऱ्हाती तरी' म्हनात, नि उठी गयात. मंग उनं. कोठीमांगनं बीळबी याद उनं."

म्हणजे तिला सगळं समजलं होतं. साप, खाट, सकाळचं ते ठाम बोलणं, गाडीतलं 'सांगता येत नाही' आणि ओसरीवरचं खोटं. माफी मागायला डॉक्टरांनी हात जोडले, तर तिनं ते हात धरून खाली केले आणि त्यांना पाटावर बसवलं. समोर एकच ताट ठेवलं. ताटात रोटाची पोळी, वर तूप.

"मला चालत नाही हे," डॉक्टर कसेबसे म्हणाले. "मी परका."

"परका नहीत आते." झुंबरबाई त्यांच्यासमोर खाली बसली. तिनं पोळीचे दोन तुकडे केले. "मी तिले खाले टाकं, तुम्ही तिले झोपू द्या म्हनात. आरधं तुम्हनं, आरधं मनं. खा."

बाहेर डफ वाजायला लागला होता. दोघांनी एका ताटातलं रोट खाल्लं. डॉक्टरांचा घास हातात राहिला की झुंबरबाई पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची आणि थांबायची. रोट ताटात टाकायचं नसतं. ते दोघांनी मिळून संपवलं.